पोरं सायकल आणायला तयार नाहीत, काय करू?

प्रश्न: आमच्या पुण्यातल्या कॉलेजचं पार्किंग नुसतं स्कूटरांनी भरलेलं, सायकल आणा म्हटलं की पोरं हसतात.

उत्तर: हसू दे रे. पुणे एकेकाळी सायकलींचंच शहर होतं. २०१७ च्या डिसेंबरात विद्यापीठात ॲपवर भाड्याच्या सायकली आल्या, सुरुवातीला मजा वाटली सगळ्यांना, पण पुढे शहरात कुठे सीट गायब, कुठे चेन लोंबतेय, मग कोण चालवणार? म्हणून रॅली-बिली सोड (त्या टी-शर्टांची शेवटी फडकीच होतात) आणि आधी प्रिन्सिपल सरांकडे गेटजवळ पत्र्याखाली स्टँड माग, फ्रेमला साखळी बांधता येईल असा, नुसतं पुढचं चाक अडकवायचा नको. वॉचमनकाकांकडे हवेचा पंप, सोल्युशन आणि पॅच ठेव.