पेलेटची कंबर आणि तळ्यातला गाळ

तुमचा प्रश्न असा, की केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पावडर, गाळ, गाळण हेच विषय आवडतात, पण अणुऊर्जा म्हणजे सगळं फिजिक्सवाल्यांचं राज्य, मग तिथे आपल्याला काय काम? काम भरपूर आहे. न्यूट्रॉनचा हिशोब अणुभट्टीच्या पोटात चालतो. त्याच्या आधी आणि नंतर गाठ पडते ती दाण्यांशीच.

इंधनाच्या पेलेटचंच, म्हणजे दाबून-भाजून केलेल्या छोट्या दंडगोल गोळीचंच बघा. युरेनियम डायऑक्साइडची पावडर इतकी बारीक आणि चिकट असते की हॉपरमध्ये, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या भरणपात्रात, कमान धरून बसते, खाली उतरतच नाही. म्हणून ती आधी हलकी दाबून, फोडून, चाळून तिचे रवाळ दाणे करतात. पण दाणे गरजेपेक्षा कडक झाले तर डायमध्ये, म्हणजे दाबायच्या साच्यात, मोडत नाहीत आणि पक्क्या पेलेटमध्ये त्यांच्या जागी पोकळ्या राहतात. वाहायला सोपं आणि मोडायलाही सोपं, हे जमवण्यातच खरी कसोटी लागते.

पुढे दाब. वरून-खालून पंच येतात तेव्हा डायच्या भिंतीशी घर्षण होतं, त्यामुळे टोकांना दाब जास्त पोचतो, मधे कमी. मग हायड्रोजनच्या वातावरणात साधारण 1700 अंश सेल्सिअसला भाजल्यावर सैल मधला भाग जास्त आकसतो आणि पेलेटला कंबर येते. शिकताना मी हे अ‍ॅल्युमिनाच्या पेलेटवर पाहिलं. बाजूला पोलादी पट्टी टेकवून उजेडासमोर धरली, तर दोन्ही टोकं टेकलेली आणि मधून केसाएवढा उजेड. तेवढ्यासाठी प्रत्येक पेलेट घासून सरळ करावी लागते, कारण पेलेट आणि ती ज्या धातूच्या नळीत भरतात त्या नळीमधली फट मिलिमीटरच्या अंशाएवढीच असते आणि सगळी उष्णता तिच्यातूनच बाहेर पडायची असते. घासलं की पुन्हा बारीक भुकटी, म्हणजे ती गोळा करायचं नवं काम. पक्क्या पेलेटची घनता सैद्धांतिक 10.96 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या 95 टक्क्यांच्या आसपास ठेवतात. उरलेली जागा विखंडनातून सुटणाऱ्या वायूंना आणि फुगवट्याला उपयोगी पडते, म्हणून ती मुद्दाम सोडलेली असते.

दुसरं टोक म्हणजे गाळ. ब्रिटनमध्ये सेलाफील्ड या अणुकेंद्रात वापरलेलं इंधन साठवण्याच्या जुन्या तळ्यांत मॅग्नॉक्स (जुन्या ब्रिटिश अणुभट्ट्यांचा एक प्रकार) इंधनाचं मॅग्नेशियम मिश्रधातूचं आवरण वर्षानुवर्षं पाण्यात गंजून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा गाळ झाला. तो निवांत असताना दह्यासारखा बसून राहतो, ढवळला की वाहतो, पण पाणी इतकं गढूळ करतो की आतलं दिसेनासं होतं. गंजताना निघालेला हायड्रोजन त्यात बुडबुड्यांच्या रूपात अडकू शकतो. पंप मधेच थांबला तर नळीत घट्ट बसलेला थर पुन्हा हलवायला किती दाब लागेल, हे माहीत नसताना यंत्रणा उभी करणं मला धोक्याचं वाटतं. हा प्रश्न किरणोत्साराइतकाच रिऑलॉजीचा, म्हणजे पदार्थ कसा वाहतो याच्या शास्त्राचा आहे.

हवेच्या गाळणीतही तेच. हेपा फिल्टरला, म्हणजे हवेतले अतिबारीक कण अडकवणाऱ्या धाग्यांच्या गाळणीला, सर्वांत अवघड जातात ते 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे कण. मोठे कण धाग्यांवर आपटतात, अगदी छोटे भरकटत येऊन चिकटतात, मधले निसटतात.

तेव्हा आवड सोडू नका. कॉलेजात कुठलीही निरुपद्रवी बारीक पावडर घ्या, सैल भरून आणि ठोकून तिची घनता मोजा, मग तीच दमट हवेत ठेवून पुन्हा मोजा. दोन आकड्यांमधला फरक कुठून आला ते सांगता आलं, तर मुलाखतीत बोलायला तुमच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.