अमेरिकेत छपराच्या वाशांवर आधी प्लायवूड ठोकतात, इंग्लंडमध्ये नुसत्या रिपा; असं का?

मुख्य कारण वरचं आच्छादन. अमेरिकेत बहुतेक घरांवर डांबरी शिंगल, म्हणजे एकावर एक चढवत बसवायचे डांबराचे पातळ पत्रे, असतात. ते लवचिक असतात, खिळ्यांनी बसवतात, म्हणून खाली सलग पृष्ठभाग लागतोच. शिवाय तोच प्लायवूड वाऱ्यात आणि भूकंपात सांगाडा कलू देत नाही, आणि मला हे काम जास्त महत्त्वाचं वाटतं. इंग्लंडमध्ये कौलं रिपांवर अडकतात, खाली पाणी अडवणारा पडदा असतो; सांगाडा ताठ ठेवायला वाशांना खालून तिरपे आधार मारतात. माळा मोकळा करताना ते कधीही काढू नका! अमेरिकेचे नियम इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडमध्ये, ब्रिटनमधल्या कौलांचे बीएस ५५३४ या ब्रिटिश मानकात आहेत. मात्र सगळं ब्रिटन सारखं नाही: स्कॉटलंडमध्ये वाशांवर सलग फळ्या सर्रास ठोकतात.