पुस्तक मिटल्यावर काय आठवते?

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत आहे. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. मी रोज सहा-सात तास अभ्यास करते, प्रत्येक प्रकरण तीन-चार वेळा वाचते आणि महत्त्वाच्या ओळी रंगीत पेनाने अधोरेखित करते. तरीही पूर्वपरीक्षेत भौतिकशास्त्राचा पेपर हातात पडताच हातपाय गार पडले आणि ‘बँकिंग ऑफ रोड्स’चे (वळणावरच्या रस्त्याला दिलेल्या कलाचे) कितीदा तरी वाचलेले डेरिव्हेशन, म्हणजे सूत्राची सिद्धता, काही केल्या आठवेना. पेपर देऊन जिना उतरताना ते सगळे आठवले. आता बोर्डाच्या परीक्षेचा विचार जरी आला तरी छातीत धडधडते. मी काय करू?
— एक विद्यार्थिनी, लातूर जिल्हा

उत्तर : तुझ्या पत्रातील जिन्याचा उल्लेख मी दोनदा वाचला, कारण तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. जिना उतरताना डेरिव्हेशन आठवले, याचा अर्थ ते तुझ्या डोक्यात होते. तुझी बुद्धी कमी पडली नाही. एखादा हिशेब तोंडी करताना त्यातील आकडे आपल्याला काही क्षण मनात धरून ठेवावे लागतात, आणि त्यासाठी मनात असलेली जागा फार थोडी असते. ‘हे आले नाही तर काय होईल’, ‘घरी काय सांगू’ हे विचार नेमके त्याच जागेत शिरतात आणि डेरिव्हेशनच्या पायऱ्यांना जागा उरत नाही. पेपर संपला, धास्ती ओसरली, जागा मोकळी झाली आणि जिन्यावर सगळे सुचले.

उरलेले अर्धे उत्तर तुझ्या अभ्यासाच्या रीतीत आहे आणि ते मला स्पष्टपणे सांगावे लागेल. तीन-चार वेळा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो. पण ओळख पटणे वेगळे आणि आठवणे वेगळे. एसटीत समोर बसलेल्या बाईंचा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव मात्र ओठांवर येत नाही, तशातली ही गत आहे. पुस्तक उघडे असते तेव्हा प्रत्येक ओळ वाचताना ‘हे मला येते’ असे वाटते, परीक्षेत मात्र कोरे पान पुढ्यात असते आणि ती ओळ आपली आपल्याला काढावी लागते. तू लिहिलेल्या दिनक्रमात कोऱ्या पानाशी गाठ कुठेच पडत नाही. ती पहिल्यांदा पडली ती थेट परीक्षेच्या वर्गात.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तुला सांगावासा वाटतो. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर आठवला. मला त्याहून बोलकी वाटते ती दुसरी गोष्ट : आपल्या लक्षात जास्त राहील, अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. अनेक कष्टाळू मुले वर्षभर याच खात्रीवर विसंबून राहतात आणि निकालाच्या दिवशी स्वतःला दोष देतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

तेव्हा ज्या डेरिव्हेशनने तुला दगा दिला, तेच आज घे. एकदा लक्षपूर्वक वाच, पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेव आणि कोऱ्या कागदावर आधी आकृती काढ. घाटातील वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच का ठेवतात, हे स्वतःला मराठीत मोठ्याने सांग : गाडी वळते तेव्हा तिला वळणाच्या मध्याकडे नेणारे बल लागते, सपाट रस्त्यावर ते केवळ टायरच्या घर्षणातून मिळते आणि पावसाळ्यात त्या घर्षणाचा भरवसा नसतो, रस्ता कलता केला की रस्त्याने गाडीला दिलेला रेटा आतल्या बाजूस झुकतो, त्याचा उभा भाग गाडीचे वजन पेलतो आणि आडवा भाग तिला वळवतो. एवढे सांगता आले की दोन समीकरणे आपोआप समोर येतात आणि एकाला दुसऱ्याने भागले की कोनाचे सूत्र मिळते. त्यानंतर हेच सगळे इंग्रजीत लिही. जिथे अडशील तिथे लगेच पुस्तक आणायला उठू नकोस. दोन-तीन मिनिटे आठवण्याचा प्रयत्न कर, अडलेल्या जागी खूण कर आणि मगच पुस्तक उघडून तेवढीच जागा पाहा. आज रात्री तू अधोरेखित केलेल्या पानांपेक्षा त्या कागदावरील खुणा तुला जास्त शिकवतील.

मराठीत सांगायला मी मुद्दाम सांगितले आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तके हाती घेणारी मुले अर्थ सोडून वाक्ये पाठ करू लागतात, आणि पाठ केलेल्या वाक्यातील एक शब्द निसटला की पुढची सगळी साखळी तुटते. अर्थ आपल्या भाषेत पक्का असेल तर इंग्रजी वाक्य मोडकेतोडके का होईना, पण बरोबर लिहिता येते.

हेच डेरिव्हेशन दोन दिवसांनी, मग आठवड्याने आणि नंतर तीन आठवड्यांनी पुन्हा कोऱ्या कागदावर उतरव. मधल्या काळात थोडे विसरणे होईलच आणि तसे व्हायलाही हवे, कारण विसरू लागलेली गोष्ट कष्टाने परत आठवली की ती अधिक घट्ट बसते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले होते की पाठ केलेल्या गोष्टीतील बराच भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच निसटतो, आणि एकाच बैठकीत रेटण्यापेक्षा उजळणी दिवसांमध्ये विभागली तर ती कमी श्रमात होते.

आता भीतीविषयी. ‘घाबरू नकोस’ असे म्हणून कोणाचीही भीती गेलेली मी पाहिलेली नाही. भीती कमी होते ती सवयीने. दर रविवारी सकाळी ११ वाजता, म्हणजे बोर्डाचा पेपर ज्या वेळी सुरू होतो त्याच वेळी, मागच्या वर्षीची ७० गुणांची प्रश्नपत्रिका घेऊन घड्याळ लावून ३ तास बस. मोबाइल घरातल्या कोणाकडे तरी दे, पाणी जवळ ठेव आणि अर्ध्यातून उठू नकोस. पहिल्या रविवारी तीच धडधड होईल, तिसऱ्या-चौथ्या रविवारपर्यंत ती बरीच उतरलेली असेल. एखादा प्रश्न पाहून डोके बधीर झालेच, तर त्याच्याशी झुंजत बसू नकोस : श्वास सावकाश सोड, सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागू दे, आणि हमखास येणाऱ्या प्रश्नाकडे वळ. भौतिकशास्त्राच्या पेपरात दोन आणि तीन गुणांच्या विभागांत १२ पैकी ८ प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे एखादा प्रश्न सोडून देण्याची मुभा बोर्डानेच तुला दिलेली आहे.

पेपरपूर्वी दहा मिनिटे मनातील काळज्या कागदावर लिहून काढल्यास गुण वाढतात, असा शिकागो विद्यापीठातील एक प्रयोग २०११ मध्ये बराच गाजला होता. पुढे २०१८ मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. लिहून तुला हलके वाटत असेल तर जरूर लिही, पण भिस्त मात्र रविवारच्या सरावावर ठेव.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. चाचणीच्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखते, कधी उलटीही होते. डॉक्टरांनी तपासले, आजार काही आढळला नाही. घरातील मोठी माणसे म्हणतात की हे सगळे अभ्यास टाळण्याचे बहाणे आहेत.
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, हे बहाणे नाहीत. भीतीने पोटात कळ येते, मळमळते, वारंवार लघवीला जावे लागते. ते दुखणे त्याला खरोखरच होत असते, आणि त्यात ‘नाटके करतो’ हे शब्द कानी पडले की तो पुढच्या वेळी सांगायचेच बंद करील. चाचणीच्या दिवशी त्याला जबरदस्तीने भरपेट खायला घालू नका, थोडी पेज किंवा केळे पुरेल. आदल्या रात्री जागरण होऊ देऊ नका, कारण दिवसा वाचलेले झोपेत मनात अधिक पक्के बसते.

एक विनंती मात्र मनापासून करते. रोज संध्याकाळी ‘किती झाला अभ्यास?’ असे विचारण्याऐवजी ‘आज जे वाचलेस त्यातले मला काहीतरी समजावून सांग’ असे म्हणा आणि भाकरी थापता थापता ऐका. तुम्हाला तो विषय येत नसला तरी चालेल, किंबहुना अधिक बरे, कारण तुम्हाला कळेपर्यंत सांगताना त्याचीच उजळणी होते. टक्क्यांची चौकशी करणाऱ्या पाहुण्यांना मुलासमोर उत्तर देऊ नका. एखादा विषय राहिलाच तर काही महिन्यांतच पुरवणी परीक्षा असते, हे त्याला निकालानंतर नव्हे, आताच सांगा. झोप उडणे, जेवण तुटणे किंवा ‘माझ्या असण्याचा काय उपयोग’ असे बोलणे दिसले तर एक दिवसही थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा शासनाच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

प्रश्न : मी पुण्यात अभ्यासिकेत रोज बारा तास बसून राज्यसेवेची तयारी करतो. दोनदा पूर्वपरीक्षेत अडकलो. आणखी किती तास वाढवू?
— एक उमेदवार, मूळ बीड जिल्हा

उत्तर : तास वाढवू नका, कमी करा. बारापैकी किती वेळ पुस्तक मिटलेले असते, हे आठवडाभर वहीत प्रामाणिकपणे नोंदवा. तो वेळ दोन तासांपेक्षा कमी भरला, तर अडचण तिथेच आहे. सामान्य अध्ययनाच्या पेपरात चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापले जातात, म्हणून सरावात प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री’, ‘दोनांत शंका’ आणि ‘अंदाज’ असे लिहीत जा आणि कोणत्या प्रकारात किती गुण जातात ते महिनाभर मोजा. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे पर्याय पाहून उत्तर ओळखण्याची सवय तिथे कामी येणार नाही. रोज सकाळी पहिले काम म्हणून काल वाचलेल्यातील एका प्रश्नाचे उत्तर हाताने, न पाहता, घड्याळ लावून लिहा, आणि ते अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या मित्राकडून तपासून घ्या.