वाचकांचे प्रश्न : आयर्लंडच्या तळ्यात गळ

प्रश्न : माझी मुलगी डब्लिन येथे नोकरीस असून, येत्या उन्हाळ्यात आम्ही उभयता नातवासह पंधरा दिवसांसाठी तिच्याकडे जाणार आहोत, तिकिटे अद्याप काढलेली नाहीत, परंतु जूनअखेरीचा विचार आहे. बडवाहजवळ नर्मदेत मामांच्या शेजारी बसून गळ टाकण्याचा छंद मला लहानपणीच जडला. तिकडेही दोन-तीन दिवस मासे धरावेत, अशी फार इच्छा आहे. परवाना लागतो काय, कोठे जावे आणि घरची दांडी बरोबर न्यावी काय?
— एक निवृत्त वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्याला कोणता मासा धरायचा आहे, हे आधी ठरवावे, परवाना, ठिकाण आणि महिना या तिन्ही गोष्टी त्यावरच अवलंबून आहेत. सामन (सॅल्मन) मासा आणि समुद्रातून नदीत येणारा सी-ट्राउट यांच्यासाठी आयर्लंड प्रजासत्ताकात सरकारी परवाना घ्यावाच लागतो. तो एक दिवसाचा किंवा एकवीस दिवसांचाही मिळतो. त्यासोबत खुणेच्या पट्ट्या आणि नोंदवही मिळते, व ठेवून घेतलेल्या प्रत्येक माशाला पट्टी बांधून त्याची नोंद करावी लागते. काही नद्यांवर तर धरलेला सामन तत्काळ पाण्यात सोडण्याचे बंधन आहे. तपकिरी ट्राउटसाठी असा सरकारी परवाना लागत नाही, मात्र पाण्याच्या मालकाची किंवा स्थानिक मंडळाची परवानगी लागू शकते. उत्तर आयर्लंडचे नियम निराळे असून तेथे गोड्या पाण्यातील मासेमारीस परवाना लागतोच. शिवाय त्या भागासाठी ब्रिटनचा प्रवेश-परवाना पाहावा लागतो, म्हणून पहिल्या खेपेस तिकडे न वळणे बरे. आयर्लंडला शेंगेन व्हिसा चालत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

माझा आग्रह तपकिरी ट्राउटचा, आणि ठिकाण म्हणून पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे शहराच्या उत्तरेस पसरलेल्या लॉख कॉरिब या तळ्याचा आहे. ऊटरार्ड या तळ्याकाठच्या गावी नावाडी-मार्गदर्शकासह होडी भाड्याने मिळते. हे तळे विशाल आहे, वारा अचानक उठतो आणि पाण्याखाली खडक लपलेले असतात, तेव्हा नवख्या माणसाने एकट्याने होडी नेऊ नये. आपल्यासह नातवाच्या अंगातही जीवरक्षक जाकीट असलेच पाहिजे.

येथेच तिकिटांचा मुद्दा येतो. शक्य असल्यास जूनअखेरीऐवजी मेच्या उत्तरार्धात जावे. त्या सुमारास कॉरिबवर मेफ्लाय नावाच्या माशीचे थवे उठतात. तिची अळी साधारण दोन वर्षे तळाच्या चिखलात वाढते, आणि पंख फुटल्यावर ती काहीही न खाता दोन-चार दिवसांतच मरते. परंतु तेवढ्या अवधीत एरवी खोल पाण्यात राहणारा ट्राउट तिच्यासाठी पृष्ठभागावर येतो. लांब दांडीला हलकी दोरी लावून, गळाला खरी माशी अडकवून, ती वाऱ्यावर पाण्याला नुसती टेकत राहील अशी सोडायची, या रीतीला तेथे डॅपिंग म्हणतात. कणकेची गोळी पाण्यात सोडून दोरीचा झटका हाताला कळेपर्यंत तासन्तास बसणाऱ्या माणसाला ही रीत लवकर साधेल, कारण तिच्यातही घाई चालत नाही, आणि मासा माशी तोंडात घेऊन खाली वळेपर्यंत दांडी उचलायची नसते.

घरची दांडी न्यायची असल्यास ती गळांसह सामानात द्यावी, केबिनमध्ये नव्हे. एका पाण्यातले ओले साहित्य तसेच दुसऱ्या पाण्यात घालू नये. झेब्रा शिंपल्यांसारख्या आगंतुक जीवांचा प्रसार असाच होतो, म्हणून ते धुऊन, निर्जंतुक करून पूर्ण कोरडे करावे लागते. मी तर दांडी तेथेच भाड्याने घ्या, असे सांगेन. जिवंत मासा आमिष म्हणून वापरणे तेथे बेकायदा आहे.

नातवाला होडीचा कंटाळा आल्यास एखाद्या संध्याकाळी गॉलवेतील सामन वेअर पुलावर न्यावे. पाणी स्वच्छ असेल तर उन्हाळ्यात वर चढण्यासाठी थांबलेले सामन पुलावरूनच दिसतात.