लुडविकाची रात्रपाळी: पीडी चढला की आधी थांबा

नाशिकला जीआयएस (वायूनं इन्सुलेट केलेलं स्विचगिअर) टेस्टिंगमध्ये सहा वर्षं काढलीत, आता स्वीडनला लुडविकाच्या ट्रान्सफॉर्मर टेस्ट लॅबमध्ये रात्रपाळीच्या सपोर्ट इंजिनिअरची ऑफर आहे, आणि रात्री टेस्टमध्ये युनिट (ट्रान्सफॉर्मर) फेल झालं तर एकट्यानं काय निस्तरायचं, असं विचारलंत. गावाचं मागून सांगतो, आधी कामाचं.

पीडी, म्हणजे पार्शल डिस्चार्ज (इन्सुलेशनच्या आत होणारे बारीक डिस्चार्ज), मोजायला रात्र बरी, कारण दिवसा क्रेन, वेल्डिंग आणि ड्राइव्हचा गोंगाट मापात घुसतो आणि बॅकग्राउंड ५० पीसीच्या (पिकोकूलोम, विद्युतभाराचं माप) आत ठेवणं जड जातं. जीआयएसच्या ५ पीसीची सवय असलेल्याला इथली २५० पीसीची मर्यादा ढिली वाटते. पण तासाभरात आकडा ५० पीसीपेक्षा जास्त वाढला तरी युनिट नापास. १२० वरून १८० झालं, तर "अजून २५० च्या खालीच आहे" म्हणून चालत नाही.

४०० केव्हीच्या युनिटला फेज ते अर्थ (जमिनीची जोडणी) सुमारे २३१ केव्ही. १.५८ पट, म्हणजे ३६५ केव्हीवर तासभर ठेवायचं आणि त्याआधी थोडा वेळ १.८ पट, म्हणजे ४१६. गाभा सॅच्युरेट होऊ नये (चुंबकीय मर्यादा ओलांडू नये) म्हणून फ्रिक्वेन्सी वाढवलेली असते. २०० हर्ट्झवर हा वरचा टप्पा ३० सेकंदांचा.

पीडी उसळला की नवखा माणूस "परत एकदा चढवून बघू" म्हणतो. नेमकं तेच करू नका. आत इन्सुलेशनच्या पेपरवर खूण पडायला सुरुवात झाली असेल, तर दुसऱ्या फेरीत ती जळते आणि सकाळी डिझाइनवाल्यांना कारणाऐवजी कोळसा सापडतो. पडद्यावरचा ठिपक्यांचा पॅटर्न सेव्ह करा, व्होल्टेज हळू उतरवा, कितीवर सुरू झालं आणि कितीवर विझलं ते लिहा. ठिपके एकाच अर्ध्या सायकलच्या शिखरावर असतील तर बाहेरच्या टोकदार कडेचा कोरोना. दोन्ही अर्ध्यांत सारख्या उंचीचे असतील तर कुठेतरी अधांतरी धातू. शून्याकडून चढत्या उतारावर दोन्हीकडे दिसले, तर पोकळीचा संशय घ्या.

फेज ओळखायला सुरुवातीचं कॅलिब्रेशन कामी येतं. प्रत्येक टर्मिनलला ५०० पीसी देऊन बाकीच्या चॅनेलवर किती दिसतं, त्याचा तक्ता आधीच करून ठेवावा. फेल झाल्यावर तो तक्ता नसेल, तर तीन बुशिंगपैकी (टाकीतून तार बाहेर काढणारे इन्सुलेटर) चोर कोण हे कळत नाही.

आता टाकीबाहेरचं. व्होल्टेज बंद, अर्थिंग रॉड लावलेला, मगच टेस्टच्या जागेत पाऊल. सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मर) सेकंडरी शॉर्ट करून अर्थ केली आहे का? शिडी, मोजपट्टी, पाना राहिलाय का? बुशिंगच्या डोक्यावरची शील्ड नीट बसली आहे का? बरेचसे "फेल्युअर" इथेच मिटतात. (टेस्ट संपल्यावर बुशिंग टॅपचं (बुशिंगवरचं मोजमापाचं टोक) झाकण परत लावून अर्थ झालंय का, तेही बघा. उघडा राहिलेला टॅप चार्ज झाल्यावर बुशिंगच खातो.)

बाहेर काही नसेल तर हवा. तेल भरल्यावर स्थिरावायला पुरेसा वेळ मिळाला नसेल, तर प्रेसबोर्डाखाली (इन्सुलेशनचा जाड पुठ्ठा) बुडबुडे अडकतात. टरेट (बुशिंगखालचा उभा भाग) आणि बुकहोल्झवरून (वायू साठला की इशारा देणारा रिले) हवा सोडा, तेल फिरवा, पुन्हा स्थिर होऊ द्या. किती तास, हे डिझाइनच्या सूचनेत लिहिलेलं असतं. ते स्वतःच्या अंगावर कमी करू नका.

डिस्चार्जची जागा शोधायला टाकीवर अकूस्टिक (आवाज टिपणारे) सेन्सर. तेलात आवाज मिलिसेकंदाला साधारण १.४ मीटर जातो. मात्र टाकीच्या पत्र्यातून तो जास्त वेगानं येतो, म्हणून पहिला टोला पकडला तर अंतर कमी निघतं. सेन्सर सरकवत किमान वेळ मिळणारी जागा शोधा. तेलाचा नमुना काचेच्या सिरिंजमध्ये, व्हॉल्व्ह आधी धुऊन, बुडबुडा न ठेवता घ्या. अॅसिटिलीन दिसलं तर ठिणगी उडाली आहे, थांबा. काहीच दिसलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही: दोन मिनिटांच्या डिस्चार्जचा वायू खालच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचलेलाच नसतो.

इम्पल्स टेस्टमध्ये (विजेसारखा क्षणिक झटका देऊन) कमी आणि पूर्ण व्होल्टेजच्या न्यूट्रल करंटच्या लहरी एकावर एक ठेवून जुळत नसतील, तर आधी शंट (करंट मोजायचा रेझिस्टर) आणि अर्थिंगची जोडणी बघा. आत अरेस्टर (जास्तीचं व्होल्टेज शोषणारा भाग) असलेल्या वाइंडिंगला थोडा फरक रास्त असतो.

हँडओव्हर इंग्रजीत चालतो, पण क्रेनवाला स्वीडिशच बोलणार. 'यूर्द' म्हणजे अर्थ, 'स्पेनिंग' म्हणजे व्होल्टेज, हे दोन शब्द पहिल्या दिवशी पाठ करा. ऑफर सही करण्याआधी विचारा: सलग किती रात्री, रात्री डिझाइनचा माणूस फोनवर असतो का, आणि टेस्ट थांबवायचा अधिकार लेखी तुमच्याकडे आहे का. पगारपत्रकात रात्रपाळीचा 'ओबी' (गैरसोयीच्या वेळेच्या कामाचा) भत्ता वेगळा दिसायला हवा. कायद्यानं चोवीस तासांत सलग ११ तास विश्रांती मिळते. रात्रीनंतर "दुपारच्या मीटिंगला या" म्हणाले तर हाच आकडा पुढे करायचा.

वर्षभर किंवा जास्त राहणार असाल तर स्काटेवेर्केटमध्ये (स्वीडनचं कर खातं) नोंद करून पर्सूननुम्मर (व्यक्तिगत ओळख क्रमांक) आधी घ्या. त्याशिवाय बँकेची आणि इतर कामं अडतात. घर बघताना खिडक्यांना जाड काळे पडदे आहेत का ते पहा. जूनमध्ये तिथे पहाटे चारच्या आत उजाडतं, आणि तुम्ही झोपायला निघाल सहाला.