वाचक विचारतात: तुटणारा ‘ऱ्य’

प्रश्न: लिब्रेऑफिस रायटरमध्ये ‘शेतकऱ्यांना’ लिहिताना अर्धा र तुटतो. तक्रार कशी नोंदवू? – एक वाचक, परभणी

उत्तर: आधी दोष कुणाचा ते तपासा. शब्दाला दुसरा युनिकोड फॉन्ट लावा. नीट दिसला तर बहुधा फॉन्टच सदोष. रायटरच्या माथी मारू नका. टायपिंगही पाहा: नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह), य हा क्रम हवा. तरीही तुटत असेल, तर हेल्प मेनूतून रायटर सेफ मोडमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मूळ सेटिंग्जवर, उघडून बघा.

मग बगझिलात, म्हणजे लिब्रेऑफिसच्या ऑनलाइन जाहीर तक्रारवहीत, नोंद करा. ‘मराठी दिसत नाही’ हे शीर्षक निरुपयोगी. शब्द आणि फॉन्टचं नाव लिहा. हेल्प मेनूतल्या अबाउट खिडकीतली आवृत्तीची माहिती जशीच्या तशी चिकटवा. स्क्रीनशॉटसोबत दोन ओळींची ओडीटी (रायटरची मूळ) फाइल हवीच, कारण चित्रातून अक्षरांचा क्रम कळत नाही. अख्खा सातबारा नको, त्यात नावं असतात!