‘प्रश्न उद्भवत नाही’: आमदारांच्या प्रश्नांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या आमदारांनी अधिवेशनात आमच्या तालुक्यातल्या घरकुलांचा विषय मांडला. क्लिप गावच्या ग्रुपवर दहा वेळा फिरली, खाली गाणं पण लावलेलं. मंत्री म्हणाले तपासून घेतो. माझा जोता बांधून झालाय, येऊन फोटो पण काढून नेला, पुढचा हप्ता काही आला नाही आणि आम्ही पत्र्याच्या शेडमध्येच आहोत. मग विचारून झालं काय? – एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : दादा, तुमची क्लिप मी बघितली नाही पण त्यात काय असणार ते न बघता सांगतो. साहेब कागद हलवत बोलले असतील, ‘गोरगरिबांमध्ये तीव्र असंतोष’ वगैरे, मंत्री म्हणाले असतील माहिती घेतो, फार तर ‘माझ्या दालनात बैठक लावतो’, आणि अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला असेल. त्यात सगळा दोष मंत्र्याचाच असतो असं नाही. प्रश्न लिहिला कसा होता ते बघा.

विधिमंडळातल्या छापील प्रश्नाचा एक ठरलेला साचा आहे. (१) हे खरे आहे काय, की अमुक तालुक्यात घरकुलांचे हप्ते रखडले आहेत, (२) असल्यास, शासनाने याबाबत चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि त्याखाली उत्तर बघा कसं येतं. (१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) निधीच्या उपलब्धतेनुसार हप्ते वितरित करण्यात येत आहेत. (४) प्रश्न उद्भवत नाही. संपलं! यात खोटं असं काहीच नाही, हीच तर गंमत आहे. तुम्ही ‘खरे आहे काय’ विचारलंत, त्यांनी अंशतः खरं म्हणून सांगितलं.

हाच प्रश्न असा विचारला असता तर? तालुक्यात या वर्षात मंजूर घरकुलं किती, त्यातली जोत्यापर्यंत आलेली किती, जिओ टॅगिंग (जागेच्या नोंदीसह फोटो) होऊन महिना उलटला तरी एफटीओ, म्हणजे खात्यावर पैसे पाठवायचा आदेश, न निघालेली किती, ग्रामपंचायतीनुसार यादी द्या, आणि हे पैसे कोणत्या तारखेपर्यंत जमा होणार. याला अंशतः खरं म्हणता येत नाही. आकडा द्यावा लागतो, नाहीतर आकडा नाही असं लिहून द्यावं लागतं, आणि ते पण कामाचंच.

आणि हा असला प्रश्न तारांकित करू नका असं माझं मत, आमदारांच्या पीएंना ते आवडणार नाही. तारांकित म्हणजे ज्याचं तोंडी उत्तर मिळतं आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात. पण प्रश्नोत्तराचा तास तो एक तास, यादी एवढी लांब, तोंडी चर्चा थोड्याच प्रश्नांवर होते. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं, तक्ता जोडून येतो, त्याची क्लिप होत नाही म्हणून कुणाला त्याचं कौतुक नाही. तुमच्या दुसऱ्या हप्त्याला मात्र तक्ताच उपयोगाचा, कारण तो घेऊन पंचायत समितीत जाता येतं आणि साहेब तुमचंच उत्तर हे असं म्हणता येतं.

अजून एक भानगड. आपण सगळ्यालाच घरकुल म्हणतो पण प्रधानमंत्री आवास ग्रामविकासकडे, रमाई सामाजिक न्यायकडे, शबरी आदिवासी विकासकडे, मोदी आवास इतर मागास बहुजन कल्याणकडे. नुसतं ‘घरकुल’ लिहिलं की प्रश्न या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतो. तेव्हा तुमच्या मंजुरीच्या कागदावर योजनेचं नाव काय आहे ते आधी बघा. आणि आमदारांना खरंच काही मोठं विचारायचं असेल तर हे विचारू द्या की २०१६ ला योजना आली तेव्हा सपाट भागासाठी केंद्र आणि राज्य मिळून मदत १ लाख २० हजार ठरली, ती मूळ रक्कम तीच आहे, मधल्या काळात सिमेंट-सळईचं काय झालं ते दुकानात गेलेल्या कुणालाही माहितीय.

प्रश्न : आमची जमीन चारीच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटाला. कालव्याचा प्रश्न विधानसभेत दरवर्षी गाजतो, कोटींचे आकडे येतात, आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की वरचे लोक पाणी घेतात आणि आमच्याकडे येईपर्यंत चारीत नुसती ओल. पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म आम्ही पण भरतो. – एक शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातलं ‘नुसती ओल’ वाचलं आणि दोन मिनिटं तिथंच थांबलो. कालव्याचे प्रश्न दोन जातीचे असतात आणि सभागृहात त्यातला एकच गाजतो, पैशांचा. सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, हा शब्द सिंचनावरच्या चर्चेत हटकून येतो. तुमच्याच जिल्ह्यातलं निळवंडे घ्या, १९७० ला मान्यता मिळाली तेव्हा खर्च ८ कोटींच्याही आत धरलेला, तो पुढे ५ हजार कोटींच्या वर गेला आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं २६ ऑक्टोबर २०२३ ला. ज्यांच्या बापाने सर्व्हेचे दगड रोवताना बघितले त्यांच्या नातवांनी पाणी बघितलं. विदर्भात गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ चं, तिथंही हीच कथा, सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा आणि नंतर कित्येक पट. हे प्रश्न विचारलेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही.

पण तुमचा प्रश्न दुसऱ्या जातीचा आहे. कालवा बांधून झालाय, पाणी पण सुटतंय, फक्त पोचत नाही. यावर मुख्य निर्णय सभागृहात होत नाही, कालवा सल्लागार समितीत होतो. आवर्तनं किती, कधी सोडायची, किती दिवस चालवायची, हे तिथं ठरतं आणि तुमचे आमदार त्या बैठकीला असतात. म्हणजे ज्या गोष्टीवर ते विधानसभेत सरकारला जाब विचारतात त्याच गोष्टीवर चार महिने आधी ते स्वतः टेबलाला बसलेले असतात. बैठकीत ‘टेल टू हेड’, म्हणजे आधी शेवटच्याला आणि मग वरच्याला, असं ठरलं होतं का, ठरलं असेल तर इतिवृत्तात लिहिलंय का, हे आधी त्यांनाच विचारा.

मग सभागृहासाठी प्रश्न द्या तो मोजमापाचा. मागच्या रब्बीतल्या प्रत्येक आवर्तनात वितरिकेच्या, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या फाट्याच्या, मुखाशी किती क्यूसेक सोडलं, टेलला किती मोजलं, कोणत्या तारखेला मोजलं. पाणी वापर संस्थांचा कायदा २००५ चा आहे, त्यात संस्थेला पाणी मोजून द्यायचं असं आहे. त्यामुळे ‘टेलला मोजणी होत नाही’ असं उत्तर आलं तर तीच तुमची सगळ्यात मोठी कमाई समजा, पुढचा उपप्रश्न आपोआप तयार. आणि विभाग बरोबर लिहा, ६०० हेक्टरपर्यंतच्या योजना मृद व जलसंधारणकडे, त्याच्यावरच्या जलसंपदाकडे.

मोजमाप नसलेल्या उत्तरांचं काय होतं ते पुण्यात दिसलं होतं. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला, वस्तीतल्या घरांत पाणी घुसलं, संसार वाहून गेले. कारण विचारल्यावर तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी कालवा पोखरला असं सांगितलं. आता खेकड्यांवर उपप्रश्न काय विचारणार?

प्रश्न : आमचे शेजारी ६७ वर्षांचे, एकटे. श्रावणबाळच्या पेन्शनसाठी वर्षाला २१ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला मागतात. तलाठी म्हणतात एवढं कमी कसं लिहू. यावर कोणी विचारत का नाही? – एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, हिशोब करून बघा. वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला ५८ रुपये पण नाहीत. एवढ्यात जगणारा माणूस शोधायचा आणि त्याला महिना १,५०० द्यायचे. दुसरीकडे लाडकी बहीण २०२४ ला आली तिची रक्कम पण १,५००, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. एकाच सरकारच्या दोन योजना, रक्कम सारखी आणि गरिबीच्या व्याख्येत बारा पटीचं अंतर. लाडक्या बहिणींचं वाईट वाटायचं कारण नाही, त्यांची मर्यादा शहाणपणाची आहे, म्हाताऱ्या माणसाची वेडेपणाची आहे.

हा प्रश्न मात्र तारांकितच हवा. इथे तक्ता नको, इथे मंत्र्याने उभं राहून सगळ्यांसमोर हो की नाही म्हणायला पाहिजे. दोनच ओळी पुरेत, २१ हजारांची मर्यादा शेवटची कधी ठरवली, आणि ती अडीच लाखांवर नेण्याचा प्रस्ताव आहे का. ‘विचाराधीन आहे’ म्हणाले तर उपप्रश्न एकच, किती दिवसांपासून?

प्रश्न : आमचे आमदार सत्ताधारी पक्षाचे आहेत. ते म्हणतात आपल्याच सरकारला कसं विचारू. असा नियम आहे का? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नाही. मंत्री सोडून कुठलाही आमदार विचारू शकतो, विधानसभेतले पण आणि विधान परिषदेतले पण. तेव्हा तुमच्या भागात परिषदेचे कुणी आमदार राहत असतील तर त्यांच्याकडे जा. बाकी हा नियम नाही, अडचण आहे, आणि ती तुमच्या आमदारांची आहे, तुमची नाही.

प्रश्न : मंत्र्यांनी सभागृहात ‘तीन महिन्यांत काम पूर्ण करू’ म्हटलं होतं. वर्ष झालं. आता? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : मग ते आश्वासन झालं, आणि त्यासाठी विधिमंडळाची वेगळी आश्वासन समिती आहे, मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही हे बघायला. बाहेर सभेत बोललेलं तिथं चालत नाही, सभागृहातलंच लागतं. म्हणून तारीख, कोणतं अधिवेशन, प्रश्नाचा क्रमांक, एवढं एका कागदावर लिहा. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या वेबसाइटवर मिळतात, तिथून उत्तराची प्रिंट काढून जोडा आणि आमदारांच्या हातात द्या, समितीला पत्र त्यांनी लिहायचंय. क्लिप पाठवू नका, ग्रुपवर ती त्यांनीच टाकलेली असते.